इस्कटून सांगा

आमच्या म्हशीची वार पडंना, तवा सगळ्या गल्लीला कळलं. माझ्या जावंचं रगत थांबंना, ते मातूर घरातल्या घरात बी कुणाला कळू द्यायचं न्हवतं.

श्रावण सरत आलता. गडमुडशिंगीत आमच्या गोठ्यात म्हैस व्याली, रेडकू धडधाकट झालं, पण वार आत अडकली. माझे थोरले दीर, बाळासो भावजी, दिस उगवायच्या आधीपासनं फोनला चिकटले. जनावरांचा डॉक्टर मोटरसायकलवरनं आला, खांद्यापतोर हातमोजा चढवला आणि अंगणात उभं राहून सगळ्यांस्नी समजावून सांगितलं. पिशवीचं तोंड मिटाय लागलंय, वार आत कुजली तर ताप भरंल, हयगय केली तर जनावर हातचं जाईल. माझा नवरा जोतीराम, शेजारचे गणपतराव, डेअरीकडं निघालेली दोन माणसं, सगळे माना हलवत ऐकत हुते. पिशवी म्हणा, वार म्हणा, माज म्हणा, एकाची जीभ अडखळली न्हाय. भावजींनी तर तेच सगळं परत चहाच्या गाड्यावर जाऊन हातवारे करून सांगितलं.

आणि त्या वक्ताला त्यांची बायको न्हाणीच्या मागं भिंतीला टेकून बसलीती. तिचं नाव शालन, मी तिला अक्का म्हणते. तोंड चुन्यागत पांढरं, पुढ्यात शेणाची पाटी, पण उठायचा दम न्हाय.

"काय हुतंय गं अक्का?"

"काय न्हाय. जरा ते हाय."

ते! आमच्या घरात बाईच्या कमरेखालच्या सगळ्याला 'ते' म्हणायचं. पाळी आली, ते. अंगावरनं पांढरं जातंय, ते. पोट पडलं, ते. म्हशीला पिशवी असती, आम्हाला 'ते' असतंय. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण तिला उठवून आत न्यायचं सोडून वराडत कुठं बसू?

आता थोडं मागचं सांगायला पायजे. पन्नाशी ओलांडल्यावर अक्काची पाळी बंद झाली. चांगली दोन वर्सं न्हवतीच. आमच्याकडं तसं झालं की बाई 'मोकळी झाली' म्हणत्यात, आणि मोकळ्या बाईला घरात मान चढतो. आमच्या सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, गेल्या साली देवघर अक्काच्या हाती दिलं. "माझं गुडघं वाकंनात आता," म्हणल्या. तीच बाई गोठ्यात उकिडवी बसून दोन दोन म्हशी पिळती, म्हणून मला तवाच हसू आलतं. पण अक्काला कोण आनंद! सकाळी अंघूळ करून देवास्नी पाणी घालायचं, कुणाला इचारायचं न्हाय, दिस मोजायचं न्हाईत. लग्न होऊन आल्यापासनं घरातली एक जागा तिच्या नावावर झालीती, ती ही.

आणि शिमग्याच्या सुमाराला परत लाल दिसलं.

"उलटली तुझी," आत्ती म्हणल्या. सासूला आम्ही आत्ती म्हणतो. "उलटती एकेकीची. मला म्हाईत हाय. त्यात काय बोंबलायचं?"

झालं. घरात ठरलं की शालनची पाळी उलटून आली. मी बी तेच धरून चालले. पाळी म्हणल्यावर बाजूला बसणं आलं, देवघराला हात लावायचा न्हाय हे आलं. अक्काला त्याचंच दुःख मोठं. रगत किती जातंय ह्याचं कुणाला काय पडलंच न्हवतं, तिला सुदिक न्हाय.

त्या दिवशी मी तिला आत निजवली, उशी सारखी केली, तर उशीखालनं गोळ्यांची पाकिटं निघाली. एक भरलेलं, बाकी सगळी रिकामी. बघताच वळखली. सणाची गोळी! लग्न असूंद्या, जत्रा असूंद्या, गवर असूंद्या, आमच्याकडं बायका ही गोळी खाऊन पाळी पुढं ढकलत्यात. मेडिकलवाला बी "सणाची का?" एवढंच इचारतोय आणि कागदात गुंडाळून देतोय. कुणाला पायजे, वय काय, किती दिस खाल्ली, काय बोलायचं काम न्हाय. अक्का शिमग्यापासनं खात हुती. अक्षयतृतीया आली, खा गोळी. सत्यनारायण, खा गोळी. श्रावणी सोमवार, खा गोळी. खाल्ली की रगत थांबायचं, सोडली की दुप्पट जायचं.

"मरायचं हाय काय गं तुला?"

"हळू बोल. गवर जवळ आली. मोठ्या सुनंनं गवर आणायची असती. तेवढी हूंदे, मग सोडते."

"उठ. दवाखान्यात जायचं."

"आत्ती काय म्हणतील?"

"आत्ती काय म्हणतील ते मी ऐकते. तू लुगडं बदल."

बाहेर भावजी म्हशीला गूळ चारत हुते. त्यांस्नी म्हणलं, अक्काला कोल्हापूरला न्यायला पायजे, आजच. त्यांनी वर बघितलं बी न्हाय. "गवर झाली की बघू. बायकांचं काय न्हाय काय चालूच असतंय."

"म्हशीला गवर झाल्यावर बघू म्हणला न्हाईसा. तिला घरपोच डॉक्टर आला. हिला निदान गाडीत तरी घाला."

"तोंड लई चाललंय तुझं," आत्ती उंबऱ्यातनं कडाडल्या.

"चालतंय तवर चालू द्या. ते बी बंद पडलं तर तुम्ही म्हणशीला, उलटलं."

माझ्या नवऱ्यानं दुधाची किटली उचलली आणि सुटला डेअरीकडं. असल्या येळंला त्याला दूध लई आठवतंय. भावजी रागानं लालबुंद झाले, पण गणपतराव अजून अंगणात हुते, चारचौघांत आणि तमाशा नगो म्हणून गाडीची किल्ली घेतली.

कोल्हापुरातल्या त्या दवाखान्याचं नाव मी घेत न्हाय. बाहेर टेबलावर एक पोरगी बसलीती. तिनं इचारलं, "शेवटची पाळी कधी आली?"

"ह्याच म्हैन्यात," अक्का म्हणली.

"दर महिन्याला येते?"

"व्हय. सणवार सोडून येती."

पोरीनं ते बी लिहून घेतलं, आणि हसली बी न्हाय.

आत डॉक्टरीणबाई तरणीच हुती. तिनं कागद बघितला, अक्काच्या डोळ्याची पापणी खाली वडून बघितली आणि भावजींकडं तोंड करून सुटली. "पेरिमेनोपॉझ आहे. हेवी ब्लीडिंग, त्यामुळे सिव्हिअर ॲनिमिया. आयर्न सुरू करू, तीन महिन्यांनी फॉलोअप." भावजींनी डेअरीच्या चेअरमनगत मान हलवली. काडीचं कळलं न्हवतं त्यांस्नी. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसलीती. चिठ्ठी लिहून झाली, बेल वाजली, पुढची बाई दारात येऊन उभी राहिली.

मी खुर्चीवरनं उठलेच न्हाय.

"बाई, आज सकाळी आमच्या म्हशीला तपासलं. त्या डॉक्टरनं सगळं इस्कटून सांगितलं, काय झालंय, कशानं झालंय, न्हाय बघितलं तर काय हुईल. हिला तर कान हाईत, तोंड हाय. तुम्ही आता काय बोलला ते एक एक इस्कटून सांगा. आणि ह्यांच्याकडं न्हाय, हिच्याकडं बघून सांगा. पिशवी हिची हाय."

"पूर्णिमा, गप," भावजी दात खाऊन म्हणले.

"बाहेर पेशंट थांबलेत हो," डॉक्टरीणबाई म्हणली.

"थांबू द्यात. त्यांस्नी बी कळंल."

तिचं नाक लाल झालं. मला वाटलं आता हाकलती. पण तिनं दारातल्या बाईला बसायला सांगितलं, खुर्ची वडली आणि अक्काच्या समोर आणली. हे मातूर केलं तिनं, ते मी कबूल करते.

"ॲनिमिया म्हणजे रक्त कमी होणं. रक्तातलं लोह कमी पडलंय, म्हणून तुम्हाला दम लागतो, चक्कर येते. हे कळलं?"

अक्कानं मान हलवली.

"आता पाळी. गर्भाशयाला, म्हणजे तुमच्या पिशवीला, आतून अस्तर असतं. ब्लाऊजला असतं तसं समजा. दर महिन्याला ते नवं तयार होतं, आणि दिवस राहिले नाहीत की उतरून बाहेर पडतं. तीच पाळी. त्यात घाण बिण काही नसते. वय झालं की बीजकोश दमतात, अस्तर तयार व्हायचं थांबतं. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती कायमची संपली म्हणायचं. त्याला मेनोपॉझ म्हणतात. आणि संपायच्या आधी काही वर्षं ती मागंपुढं होते, कमीजास्त जाते, त्याला पेरिमेनोपॉझ. तुम्ही त्यात आहात."

अक्कानं तवा पहिल्यांदा मान वर केली.

"न्हाय."

"काय नाही?"

"मी त्यात न्हाय. माझी संपलीती की. बारा म्हैनं काय, दोन वर्सं न्हवती. मग शिमग्याला उलटली."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवला. बाहेरच्या पोरीनं लिहिलेला कागद परत बघितला. "इथं तर दर महिन्याला येते असं लिहिलंय."

"येतीच की. पाळीच की ती. घरात बाजूला बसते मी."

"ताई, ऐका नीट. पाळी उलटत नाही. संपली म्हणजे संपली. त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी ती पाळी नसते. मग ते रक्त कुठून येतंय ते शोधावंच लागतं. बऱ्याच जणींचं कारण साधं निघतं, पण शोधल्याशिवाय ते कुणीच सांगू शकत नाही. मी सुद्धा नाही."

मी पिशवीतनं गोळ्यांची पाकिटं काढली आणि टेबलावर वतली. "आणि ही खातीया. देवासाठी."

तिनं एक पाकीट उचलून बघितलं. "हिनं रक्त थांबतं, कारण थांबत नाही. एवढे महिने आत काय चाललंय ते झाकलं गेलं." मगाची चिठ्ठी तिनं स्वताच्या हातानं फाडली. मला त्या चिठ्ठीचा बी राग आला, त्या पोरीचा बी, मेडिकलवाल्याचा बी, आणि सगळ्यात जास्त 'उलटली' म्हणणाऱ्या तोंडाचा. एवढ्या बायका ह्या गावात, म्हाताऱ्या, तरण्या, शिकलेल्या, आणि एकीला बी म्हाईत नसावं?

सोनोग्राफी तिथंच झाली. अस्तर पायजे त्यापेक्षा जाड दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणली, बायोप्सी करूया. भावजींचं तोंड खर्रकन उतरलं. "म्हंजे कॅन्सर?"

"बायोप्सी हा आजार नाही, तपासणी आहे. अस्तराचा बारीक तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा."

"म्हंजे डेअरीत फॅट बघाय दुधाचा नमुना काढत्यात, तसं?" अक्कानं इचारलं.

"अगदी तसं."

"मग काढा की."

"घरात इचारून सांगतो आम्ही," भावजी म्हणले.

"घरात काय इचारायचं? पिशवी माझी हाय," अक्का म्हणली. इतक्या वर्सांत नवऱ्याला असं बोलल्याली मी ऐकली न्हवती.

रिपोर्टाला परत गेलो, तवा डॉक्टरीणबाईनं आपणहून खुर्ची अक्काकडं वळवली. शब्द गिळला न्हाय, चघळला न्हाय. अस्तरात कॅन्सरच्या पेशी हाईत म्हणली. अजून पिशवीच्या आतच असल्यागत दिसतंय, बाहेर गेल्याचं दिसत न्हाय. पिशवी आणि बीजकोश काढायचं आपरेशन करायचं, मग काढलेलं सगळं तपासून पुढचं ठरवायचं. हितंच असताना सापडलं तर बहुतेक बायका बऱ्या हुत्यात, पण आता ढकलाढकल न्हाय. गवर विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी दाखल व्हायचं ठरलं. भावजी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि पोरागत रडले. मला दया आली न्हाय. खोटं कशाला बोलू? अक्काच त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत बसली, आणि ते बघून मला आणि राग आला.

घरी आत्तींनी ऐकून घेतलं आणि पदर खोचला. "गावात कुणाला कळता कामा न्हाय. सणात असलं नाव घ्यायचं न्हाय. शालन, गोळी खा, गवर आण. मग काय ते कोल्हापूरला जावा."

"डॉक्टरनं गोळी बंद केलीया," मी म्हणलं.

"डॉक्टर येणार हाय व्हय गवर आणायला?"

अक्कानं राहिलेलं पाकीट आणलं, एक एक गोळी फोडली आणि सगळ्या मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी वतलं. मग मोठ्या सुनंनं आणायची गवर ह्या साली धाकट्या सुनंनं आणली. हिरीवरनं गवरीचं डहाळं घेऊन मी दारात आले, आत्तींनी माझ्या पायावर पाणी घातलं, आणि अक्का आतल्या खोलीत चटईवर बसून ऐकत हुती. मला गवरीपुढं हात जोडायचं मन झालं न्हाय. 'तू बी बाईच हाईस न्हवं?' एवढं मनात म्हणले आणि भाजी-भाकरीचा निवद ठेवला.

दुसऱ्या दिवशी पूजेला गल्लीतल्या बायका आल्या. बाहेरचा सोपा भरला. हळदीकुंकू झालं, पुरणाचा वास घरभर, दोन पोरी फुगडीला उठल्या. तेवढ्यात गणपतरावांच्या बायकोनं इचारलं, "शालन कुटं दिसंना?"

"जरा कसकस हाय तिला. निजलीया," आत्ती म्हणल्या आणि माझ्याकडं असं बघितलं की तोंड उघडशील तर बघ.

मी उघडणारच हुते. पण त्याच्या आधी आतलं दार वाजलं. अक्का उंबऱ्यात येऊन उभी राहिली. चौकटीला धरून, पण सरळ.

"मला कसकस न्हाय. मला पिशवीचा कॅन्सर हाय," ती म्हणली. "सोमवारी आपरेशन हाय."

फुगडी थांबली. कुणीतरी "आगाबया" म्हणलं.

"घाबरू नगा. लवकर सापडलाय. पण माझी दोन वर्सं बंद झाल्याली पाळी परत आली, आणि मी ती पाळी समजून बाजूला बसत राहिले, गोळ्या खात राहिले. ती पाळी न्हवती. बंद झाल्यावर थेंब जरी दिसला तरी ती पाळी नसती. कुणाला असं हुत असंल तर आजच सांगा, मला सांगा, हिला सांगा, पण झाकून ठिवू नगा."

"शालन!" आत्ती उठल्या. एवढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला न्हवता. कुंकवाचं तबक हातात तसंच हुतं. "लाज सोडलीस व्हय गं? गवरीपुढं, चारचौघीत, काय बोलतीस? एकटीलाच आलं काय जगात? मला बी येतंय की, दीड वरीस झालं! मी कवा बोंबलत सुटले? गप देवघर सोडलं, गप बाजूला झाले, का न्हाय?"



गुडघं! माझ्या डोस्क्यात एकदम लखलखीत झालं. गुडघ्यानं देवघर सोडलं म्हणलीती ही म्हातारी, आणि मी हसले हुते. पंधरा दिस मी मनातल्या मनात हिला नगं नगं त्या शिव्या घातल्या. एक एक शिवी हिच्यासाठीच राखून ठेवलीती, आज पूजा उरकली की सगळ्या सोडणार हुते. आता त्या कुणाला घालू? राग तसाच्या तसा हुता, उलट वाढला हुता, पण ठेवायला जागा राहिली न्हवती. सगळ्या बायका आत्तींच्या तोंडाकडं बघत हुत्या, आणि आपण काय बोलून बसलो ते त्या एकटीलाच अजून कळलं न्हवतं.

अक्का भिंतीला धरत धरत आली. आत्तींच्या हातातलं तबक काढून तिनं खाली ठेवलं. आपण बाजूला बसल्यालो, कुणाला शिवायचं न्हाय, हे ती इसरली, आणि आत्ती बी इसरल्या. तिनं म्हातारीचा हात धरून खाली बसवलं आणि समोर बसली.

"आत्ती, कसं जातंय, किती जातंय, रोज जातंय काय? इस्कटून सांगा."

"त्यात सांगायचं काय?" आत्ती म्हणल्या. "पाळीच की."

मी चप्पल घातली आणि भावजींस्नी गाडी काढायला सांगाय बाहेर पळाले.